लोडशेडिंगच्या भरवशावर

लाईट जाऊ दे म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस बीड जिल्ह्यात आजवर कुणी पाहिला नसेल. त्या चैत्रातल्या दुपारी हरिओम नेमकं तेच करत होता. हात जोडायची सोय नव्हती, कारण दोन्ही मनगटं एका साखळीत अडकलेली होती आणि साखळी भिंतीतल्या लोखंडी कडीला. ओठ तेवढे मोकळे होते. "आई, लाईट जाऊ दे. नुसती झपकन जाऊन येऊ दे. मी दुसरं काय मागत न्हाई," असं तो पुटपुटत होता. आणि त्याच्या डोक्यावर, हात पोचणार नाही अशा उंचीला, त्यानेच तयार केलेलं विजेचं चुंबक संथ गुणगुणत किल्ली धरून बसलं होतं.

त्याला कुणी डांबून ठेवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा उगाच दरोडेखोर शोधत बसायचा. हरिओमने स्वतःच स्वतःला बांधून घेतलं होतं, आवडीने आणि पूर्ण तयारीनिशी. ही आवड त्याला पुण्यात एका कंपनीत नोकरीला असताना लागली. दोन्ही हात अडकले, आता कुणाचा फोन घेता येणार नाही, कुणाचं काम अंगावर येणार नाही, असं एकदा पक्कं झालं की त्याच्या डोक्यातला कलकलाट बंद पडायचा. अंग सैल व्हायचं, श्वास पोटापर्यंत उतरायचा. असे लोक जगात पुष्कळ आहेत हे त्याने मोबाईलवर वाचलं होतं, पण ते सगळे इंग्रजीत होते. मराठीत याला शब्द नाही. निदान बापासमोर उच्चारता येईल असा तरी नाही. पुण्याची नोकरी सोडून तो गावाकडे आला तेव्हा ही आवडही गपचूप बरोबर आली. लग्न झालं, तरी बायकोला त्याने या आवडीचा वास लागू दिला नाही.

आता त्याचं जवळच्या कडा गावच्या बाजारात छोटं दुकान होतं. शेतकऱ्याने घरी बाजेवर पडल्या पडल्या मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू करायची, ते यंत्र बसवून देणं हा त्याचा धंदा. राहायला गावाबाहेर, शेतात. घरात तिघंच: तो, त्याचा बाप सर्जेराव, जो दिवसभर शेळ्यांमागे असायचा, आणि बायको बबिता, जी सरकारी दवाखान्यात नर्स होती. घराला लागून एक पत्र्याची खोली होती. पेंडीची पोती आणि गावाच्या पंगतीची मोठमोठी भांडी तिच्यात असत. पूर्वी तिथे म्हैस बांधायचे, म्हणून भिंतीत ती लोखंडी कडी. हरिओमची सगळी शांतता त्या कडीपाशी होती.

कुलपांच्या बाबतीत तो भलताच चोखंदळ. आधी त्याने टायमरचं कुलूप मागवलं. त्याच्यावर बटणं आणि आकडे. एकदा वेळ लावून दांडी दाबली की मग रडा, ओरडा, पाया पडा, वेळ संपल्याशिवाय ते उघडणार नाही. सरकारी कचेरीतल्या शिपायासारखा त्याचा स्वभाव, आणि तोच हरिओमला आवडायचा. पण गेल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या उकाड्यात त्याचे आकडेच गायब झाले. वेळ होऊन गेली तरी दांडी हलेना. ऊन उतरलं, कुलूप गार झालं, तेव्हा कुठे ते आपसूक सुटलं. त्या दिवशी हरिओम हौदापाशी बसून डोक्यावर पाणी ओतत राहिला आणि बबिताला म्हणाला, ऊन लागलं.

मग त्याने स्मार्ट कुलूप आणलं. ते मोबाईलने उघडायचं, बोट लावलं तरी उघडायचं. त्याचा दोष उलटा होता, ते फार गरीब स्वभावाचं. मनात आलं की सुटलो. आणि केव्हाही सुटता येतं हे ठाऊक असलं की बांधल्यासारखं वाटतच नाही. उपास धरायचा आणि खिशात फरसाण ठेवायचं, असला प्रकार.

पण हरिओम कारागीर माणूस. त्याने स्मार्ट कुलपातून आपल्या बोटाचा ठसा पुसून टाकला आणि मोबाईलमध्ये अशी जुळणी केली की ठरलेली वेळ झाली की मोबाईलनेच कुलपाला उघडायचा हुकूम द्यायचा. मोबाईल लांब, समोरच्या फळीवर. मोबाईलने दगा दिलाच तर म्हणून दुसरा उपाय. कुलपाला एक साधी किल्लीही होती. जळक्या मोटारीची तार गुंडाळून त्याने एक चुंबक केलं, लाईट असेतोवर धरून ठेवणारं आणि लाईट गेली की सोडून देणारं. किल्ली त्याला चिकटवायची आणि खाली, बांधलेल्या हातांजवळ, एक परात ठेवायची. शेतीच्या लाईनीची लाईट दुपारी दोनला जाते, हे त्या शिवारात शेळ्यांनाही ठाऊक होतं. सेल उतरतो, मोबाईल बंद पडतो, माणूस शब्द फिरवतो, पण लोडशेडिंग चुकत नाही. या जुळणीने तो आजवर कितीदा तरी सुखरूप सुटला होता आणि मनातल्या मनात त्याने स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

आजचा दिवस त्याने मुद्दाम निवडला होता. गावाचा सप्ताह संपत आला होता, आज काला. काल्याचं कीर्तन आणि वर महाप्रसाद म्हटल्यावर सगळी पंचक्रोशी मांडवात. सर्जेराव सकाळीच धुतलेला फेटा बांधून पुढच्या रांगेत जाऊन बसलेला. बबिताची ड्युटी मांडवातच, उन्हाने चक्कर येणाऱ्यांसाठी टेबल मांडून. खोलीतली भांडी भल्या पहाटेच टेम्पोतून गेलेली. मांडवाची वायरिंग हरिओमनेच केली होती. माईक तपासून झाल्यावर सप्ताहाचा कारभारी शिवशंकर याला त्याने सांगितलं, "कड्यात अर्जंट काम निघालंय, मी जाऊन येतो," आणि मागच्या वाटेने तो घरी आला. खोलीला आतून खिट्टी घातली. साखळी घेतली, कुलूप दाबलं. खट्ट वाजलं आणि डोकं शांत झालं.

सुरुवातीला सगळं बरं चाललं होतं. लांबून मृदंग ऐकू येत होता. हरिओमने डोळे मिटून घेतले होते.

वेळ झाली तसा फळीवरचा मोबाईल उजळला. हरिओमने मनगटं सैल सोडली आणि वाट पाहिली. कुलूप उघडलं नाही. मान लांब करून पाहिलं तर पडद्यावर ते गोल चक्र नुसतं फिरत होतं. उघडायच्या आधी ते कुलूप कुठल्यातरी लांबच्या गावातल्या कंपनीची परवानगी घ्यायचं, आणि परवानगी घ्यायला नेट लागायचं. गावाला टॉवर एक. मांडवात हजारो माणसं, आणि त्यातला निम्मा मांडव मोबाईल वर धरून कीर्तन दाखवत असणार. चक्र फिरलं, फिरलं आणि पडदा काळा झाला.

त्याने मोबाईलला हाक मारून पाहिली. बोललेलं ऐकणारी सोय त्यात होती. आतली बाई गोड आवाजात म्हणाली की सध्या जोडता येत नाही, थोड्या वेळाने प्रयत्न करा.

"बरं," हरिओम तिला म्हणाला. तो अजून घाबरला नव्हता. लोडशेडिंग होतंच की. लाईट गेली की मांडवातला भोंगा बंद पडणार, आणि इथे किल्ली परातीत. तो भोंग्याकडे कान लावून बसला. कीर्तनकार गोपाळांच्या गोष्टीवर आले होते. भोंगा काही थांबेना. मग कीर्तनातच थोडा खंड पडला आणि शिवशंकरचा आवाज सगळ्या शिवारात घुमला.

"माऊलींनो, एक आनंदाची बातमी हाय! दरवर्साला काल्याच्या टायमाला लाईट जाती आन् आपले हाल होत्यात. ह्या वर्सी आमी सायबाला जाऊन भेटलो. सायबानं शब्द दिलाय. पंगती उठून मांडव मोकळा होस्तोवर आपल्या डीपीची लाईट जाणार न्हाई! येकदा जोरात टाळ्या होऊ द्या!"

टाळ्या झाल्या. लांबून त्या वळवाच्या गारांसारख्या वाजल्या.

मांडवाला जोडलेली डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, ती हीच; हरिओमच्या घरालाही तिचीच लाईट. वायर त्यानेच, स्वतःच्या हाताने, खांबावर चढून जोडली होती. लाईट दोनला जाईल, जनरेटर सांगून ठेवा, असंही त्यानेच शिवशंकरला बजावलं होतं; शिवशंकरने जनरेटर सांगायच्या ऐवजी साहेबाला गाठलं. सगळे मांडवात असतील म्हणून हा दिवस निवडला, आणि सगळे मांडवात होते म्हणूनच मोबाईल चालेना आणि लाईट जाईना. दोन दोर म्हणून ज्यांच्यावर तो निर्धास्त बसला होता, ते दोन्ही एकाच खुंटीला बांधलेले होते. एवढं साधं गणित, आणि ते त्याला हात अडकल्यावर सुटलं.

चुंबकाची पिन समोरच्या बोर्डात होती. बटण पाडलं तरी पुरे होतं. त्याने पायातली चप्पल बोटांवर घेतली, नेम धरला आणि उडवली. ती पोत्यावर जाऊन पडली. दुसरी चप्पल त्याने फार विचार करून उडवली. ती फळीला लागली आणि मोबाईल पालथा होऊन भांड्यांच्या रिकाम्या जागेत पडला. आता पडद्यावर काय चाललंय तेही दिसेना. त्याने साखळीला हिसके दिले. म्हशीचे हिसके सोसलेली ती कडी, तिला हरिओमचं काय. मनगटाची सालं मात्र निघाली.

पत्रा तापत चालला. पाण्याची बाटली त्याने आठवणीने जवळ ठेवली होती, आणि ती खरोखर जवळच होती, हात मोकळे असते तर. जीभ टाळूला चिकटायला लागली. बोटं आधी झिणझिणली, मग जड झाली, मग ती आपली आहेत की नाहीत हेच कळेना. त्याने खाली पाहिलं तर नखं निळसर दिसली. की अंधारामुळे तसं वाटत होतं? त्याला धड ठरवता येईना आणि तो जास्तच घाबरला. तो ओरडला. एकदा, दोनदा, छाती फुटेल असं. भोंग्यावर पखवाज भरात होता, शिवारात दुसरं माणूस नव्हतं, आणि तिसऱ्यांदा तोंड उघडल्यावर त्याच्या मनात आलं की कुणी ऐकलं तर?

मरणाची भीती त्याला उशिरा वाटली. आधी वाटली ती भांड्यांची.

पंगती उठल्या की भांडी परत याच खोलीत येणार होती. शिवशंकर आणि चार गडी टेम्पो घेऊन येणार. दार आतून बंद. हाका मारतील, दार हलवतील, मग पत्र्याचं दार ते केवढं, खांद्याने पाडतील. आणि बघतील. घामाने निथळणारं अंग, साखळी, वर चुंबक, खाली परात. काय सांगायचं त्यांना? चोरांनी बांधलं म्हणावं तर चोर आतून खिट्टी लावून गेले कुठे? आज ना उद्या ही गोष्ट कड्याच्या बाजारात जाणार, चहाच्या गाड्यावर जाणार, एकजण सांगणार आणि दहाजण हसणार. बबिता दवाखान्यात शिरली की बायका बोलायच्या थांबणार. आणि सर्जेराव. काल्याच्या दिवशी, धुतलेला फेटा बांधून, लोकांच्या मागून तो दारात येऊन उभा राहणार. तो फेटा काढून हातात घेईल, एवढंच करील, आणि ते हरिओमला डोळ्यांसमोर लख्ख दिसलं.

त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला क्षणभर वाटलं. मग पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा त्याच्या गुडघ्यावर सरकला, कानात घूं घूं सुरू झालं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि ते खरंच होऊ शकतं हे त्याला कळलं. तेव्हा तो मुलासारखा रडला. लाईट जाऊ दे, लाईट जाऊ दे, एवढंच म्हणत राहिला.

भोंगा कधी थांबला ते त्याला कळलं नाही. कळलं ते अंगणातली पावलं वाजल्यावर. चप्पल घासत चालायची ती लकब त्याच्या ओळखीची होती.

"अवो!" बबिता होती. "घरात हाय का कुणी?"

हरिओमने श्वास रोखला. ती घरात गेली, बाहेर आली, घराला वळसा घालून मागे गेली. मागे त्याची मोटरसायकल होती. पावलं एकदम थांबली. मग धावत खोलीच्या दारापाशी आली.

"अवो, आत हायेत का? गाडी तर हितंच हाय. शिवशंकरभाऊ म्हनले कड्याला गेलेत. फोन लागंना. पंगतीला सुदीक दिसला न्हाईत." तिने दार ढकललं. खिट्टी वाजली. दार आतून बंद आहे हे तिला कळलं, आणि मग तिचा आवाज बदलला. तो आवाज हरिओमने कधी ऐकला नव्हता. बारीक, तुटका, लहान मुलीसारखा. "बोला की. अवो, बोला ना. काय तरी बोला."

"हाय मी," तो म्हणाला. घसा इतका कोरडा पडला होता की शब्द खरवडून निघाले.

दाराला टेकून ती मटकन खाली बसली. बांगड्या पत्र्यावर वाजल्या.

"दार उघडा."

"न्हाई उघडता येत. बबिता, आधी माजं ऐक. कडुनिंबाखाली पेटी हाय ना, तिच्यातला मेन खाली वढ. तेवढं कर, मंग मी येतो भायेर."

"मेन कावून वढू? काय करायलात तुमी आत?"

"शॉर्ट झालंय."

"शॉर्ट झालं आसतं तर मेन आपोआप पडला आसता. तुमीच सांगितलंय मला." ती उठली होती. "खोटं नका बोलू. काय करून घितलंय ते सांगा. मी मानसं बोलावती, दार तोडायला लावती."

"मानसं नको!" हरिओम किंचाळला. "मानसं नको, बबिता, तुज्या पाया पडतो!"

बाहेर तिच्या धापा ऐकू येत होत्या. त्या किंचाळण्याने आपण तिला आणखी भेदरवलं हे त्याला समजलं. तेवढ्यात ओढ्याच्या उतारावर टेम्पोचा हॉर्न वाजला आणि आतली मोठी पातेली एकमेकांवर आदळल्याचा आवाज आला. टेम्पो वळला होता.

इतकी वर्षं त्याने जे दाताखाली धरून ठेवलं होतं, ते त्याने त्या पत्र्याच्या दाराला सांगून टाकलं.

"मीच मला बांधून घितलंय. साकळीनं. दुसऱ्या कुणी न्हाई. मला ते बरं वाटतं, बबिता. लई वर्सापासून वाटतं. डोकं शांत हुतं. आज कुलूप उघडंना झालंय. मेन वढला की किल्ली खाली पडती. त्या लोकांना आत यिऊ दिऊ नको. मंग तुला काय करायचं ते कर."

चपला घासत लांब गेल्या. पेटीही त्याच बाजूला आणि टेम्पोची वाटही त्याच बाजूला. ती कुठे गेली हे आत बसून कळायला मार्ग नव्हता. चुंबक गुणगुणतच होतं. टेम्पो अंगणात येऊन थांबला, त्याची मागची फळी पडली, माणसं उतरली.

"वयनी, खोली उघडा. भांडी ठिवायचीत," शिवशंकर म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता दाराशी आलाच. त्याने दार ओढलं. खिट्टी कुरकुरली. "हालंना की हे. धर बे जरा, दोघं मिळून वढू."

चार हात दाराला लागले. पत्रा आत-बाहेर झाला, खिट्टीचा एक खिळा भिंतीतून बोटभर बाहेर आला. हरिओमने डोळे गच्च मिटले. पुढच्या हिसक्याला ते दार निघणार होतं.

"हात लावू नका!" बबिताचा आवाज कडाडला. "करंट उतरलाय पत्र्यात! सकाळपासून शेळीला सुदीक जवळ जाऊ दिली न्हाई आमी. हे डीपीकडं गेलेत लाईनमन बघायला."

चारही हात चटका बसल्यासारखे सुटले. "आरं तिच्या," शिवशंकर म्हणाला. "सांगायचं न्हाई का आधी!"

"लांब व्हा समदे. मी मेन पाडती. भांडी ओट्यावर ठिवा आन् जावा तुमी, उन्हाचं थांबू नका."

खटका पडला. गुणगुण थांबली. किल्ली वरून सुटली आणि टणकन परातीत आदळली. तो आवाज हरिओमला देवळातल्या घंटेएवढा मोठा वाटला.

"आत काय वाजलं?" कुणीतरी विचारलं.

"उंदरं हायेत लई," बबिता म्हणाली.

भांडी ओट्यावर ठेवताना ते शेजारच्या गावात करंट लागून मेलेल्या बैलाबद्दल बोलत राहिले. हरिओमच्या बोटांत किल्ली राहत नव्हती. ती निसटली, परातीत घरंगळली, पुन्हा निसटली. त्याने शेवटी ती दोन्ही तळहातांच्या मध्ये दाबून धरली आणि तोंड खाली नेऊन दातांनी कुलपात बसवली. टेम्पो चालू झाला तेव्हा त्याच्या आवाजात कुलूप सुटलं. भिंतीला धरून तो उभा राहिला, दारापर्यंत गेला आणि कोपराने खिट्टी सरकवली.

बबिता आत आली. ती काय बघेल याची त्याने मनातल्या मनात हजारदा कल्पना केली होती. साखळी बघेल, कुलूप बघेल, मग त्याच्याकडे किळसवाण्या नजरेने बघेल. तिने साखळीकडे पाहिलंच नाही. तिने आधी वर पाहिलं, पत्र्याखालच्या लाकडी आढ्याकडे. मग कोपरे पाहिले. पोती बाजूला सारून त्यांच्या मागे पाहिलं. मग ती त्याच्यापाशी आली आणि तिने त्याची हनुवटी धरली.

"आ करा."

"बबिता, मी..."

"आ करा म्हनलं ना!"

त्याने तोंड उघडलं. तिने नाक जवळ नेऊन वास घेतला. पुन्हा घेतला. त्याला दारातल्या उजेडात ओढून अंगठ्याने पापण्या खाली ओढल्या आणि डोळ्यांत बघितलं.

"काय पेलात?"

"काय न्हाई पेलो."

"खरं सांगा. आत्ता सांगितलं तर जमतंय. अंबुलन्स मांडवातच हुबी हाय. मी गाजावाजा करणार न्हाई. काय पेलात, किती पेलात, तेवढं सांगा."

हरिओमला आत्ता कळलं. तो उंबऱ्यातच बसला.

"मी दारातनं सांगितलं ते खरं हाय," तो म्हणाला. "शपतनं खरं हाय."

"आसलं कुनी करत आसतंय का?" ती म्हणाली. "मला याडी समजता का? मनगटावरचे वळ मी आज पयल्यांदा बघायली का? इचारलं की तुमी म्हनायचा, वायरीनं वरबडलं. मी दवाखान्यात ऱ्हाती. जायच्या आधी मानसं हात बांधून घेत्यात, आयत्या टायमाला मन फिरू नये म्हनून. मी बघितल्यात तसली."

मग जे कुणाला कळू नये म्हणून तो मरायला तयार झाला होता, तेच खरं ठरवण्यासाठी हरिओम जिवाच्या आकांताने बोलायला लागला. त्याने पोत्यामागच्या डब्यातून टायमरचं कुलूप काढून तिच्या हातात दिलं. हे वेळ संपल्याशिवाय उघडत नाही, बघ, पण उन्हात बिघडतं. हे दुसरं मोबाईलवर चालतं. लवकर सुटता येऊ नये म्हणून ठसा पुसला, पण सुटलंच पाहिजे म्हणून वेळ लावली. ती चुकली तर म्हणून हे चुंबक. लाईट दोनला जाते, म्हणून. बघ ना, मरायचं असतं तर माणूस सुटायची एवढी तजवीज कशाला करील? तो बोलत होता, निळ्या पडलेल्या बोटांनी वायर दाखवत होता, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, आणि तिने विश्वास ठेवावा म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होता.

बबिता पेंडीच्या पोत्यावर बसली. मांडीवरचं कुलूप घसरून खाली पडलं, तिने ते उचललं नाही.

"म्हंजी तुमाला मरायचं न्हवतं?"

"न्हाई."

"कदीच न्हवतं?"

"कदीच न्हाई गं."

बाहेर ओट्यावर भांड्यांना कावळे लागले होते.

"मी ड्युटीवरनं येताना ओढ्याच्या वळणावर गाडी थांबवती," ती म्हणाली. "रोजच्याला. तितनं आपलं अंगण दिसतंय. घराम्होरं मानसं जमलीत का ते बघती. न्हाई दिसली की मंग गाडी चालू करती."

ती उठून त्याच्यासमोर खाली बसली, त्याची दोन्ही मनगटं तिने आपल्या मांडीवर घेतली आणि एकेक नख दाबून, रंग परत येतोय का, ते बघत राहिली.